चिनी मजकुरातली परकी नावं मशीन लर्निंगने ओळखायची कशी: नियम ठरवण्यापासून चुका शोधण्यापर्यंत

चिनी लिपीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, आणि इंग्रजीसारखी मोठी-लहान अक्षरंही नसतात. त्यामुळे वाक्यात परकं नाव आलं की ते उच्चारानुसार निवडलेल्या चिनी अक्षरांची ओळ बनून बाकीच्या अक्षरांत मिसळून जातं. त्यातल्या बहुतेक अक्षरांना एरवी स्वतःचा अर्थ असतो. क्लिंटन हे नाव ‘क-लिन-दुन’ असं तीन अक्षरांत लिहितात. यातलं पहिलं अक्षर ‘ग्रॅम’ म्हणूनही येतं आणि दुसरं ‘जंगल’ म्हणूनही. ही ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ती माणसाची आहे की गावाची, हे यंत्राला शिकवायचं आहे.

यात फसगत एका ठराविक जागी होते. नावांची मोठी यादी आणि तयार मॉडेल घेतलं की चाचणीत आकडे छान येतात, पण पुढच्या महिन्यात बातम्यांत नवं नाव आलं की मॉडेल गप्प बसतं. त्याने नावं पाठ केलेली असतात, ओळखायला शिकलेलं नसतं. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी हा फरक डोळ्यांसमोर ठेवून आखली आहे.

लेखात चिनी अक्षरं उच्चाराने दिली आहेत, अक्षरांमध्ये आडवी रेघ आहे आणि व्यंजनं वर्तमानपत्रं ‘बीजिंग’ लिहिताना घेतात तशी घेतली आहेत. एकाच उच्चाराची अनेक चिनी अक्षरं असतात, हे मात्र वाचताना लक्षात असू द्या.

आधी नियम लिहून काढा

टॅगिंगला, म्हणजे मजकुरातली नावं खुणा करून दाखवायला, बसण्यापूर्वी दोन-तीन पानांची नियमावली हवी. ती नसेल तर दोन माणसं एकच वाक्य दोन तऱ्हांनी टॅग करतात आणि मॉडेल तो गोंधळ इमानाने शिकतं. निदान पुढच्या प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत.

जपानी आणि कोरियन नावं यात धरायची का? ती बहुधा मूळच्याच हान (म्हणजे चिनी) अक्षरांत लिहिली जातात, म्हणजे ती लिप्यंतरित, उच्चारावरून लिहिलेली, नव्हेत. त्यांना वेगळा वर्ग द्यावा किंवा सरळ वगळावं, पण परक्या नावांच्या वर्गात टाकू नये. टाकली तर अक्षरांच्या वापरातला जो फरक मॉडेलने शिकायला हवा, तोच पुसट होतो.

चिनी वळणाचं नाव घेतलेल्या परदेशी माणसांचं काय? चिनी विज्ञानाचे ब्रिटिश इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांचं चिनी नाव ‘ली युए-स’. ‘ली’ हे अस्सल चिनी आडनाव. अक्षरांवरून ते परकं ओळखणं अशक्य आहे, म्हणून ‘लेखनाचं वळण’ आणि ‘माणूस कुठला’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आपलं मॉडेल फक्त वळण ओळखणार.

अर्धं ध्वनीने आणि अर्धं अर्थाने आलेलं नाव? न्यूझीलंडच्या चिनी नावात ‘न्यू’चं भाषांतर आहे आणि ‘झीलंड’चं लिप्यंतर. केंब्रिजमध्ये ‘ब्रिज’साठी पूल हाच शब्द आहे. ऑक्सफर्ड तर पूर्णपणे अर्थाने आलंय: बैल आणि नदीचा उतार. मिश्र नावं आत घ्यावीत, शुद्ध भाषांतरित नावं बाहेर ठेवावीत. हा निर्णय निभावायला सोपा पडतो.

आणि मोठ्या शब्दात अडकलेलं नाव? ‘मा-क-स’ म्हणजे मार्क्स, पण ‘मा-क-स-जू-यी’ म्हणजे मार्क्सवाद. तिथे आतल्या तीन अक्षरांना व्यक्तीचा टॅग द्यायचा की नाही, हे एकदाच ठरवा. माहिती शोधण्यासाठी काम चाललं असेल तर देऊ नये.

मजकूर साफ करणं आणि तो मधला ठिपका

परक्या पूर्ण नावात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये एक ठिपका देतात. हा फार मोठा सुगावा आहे, आणि तितकाच घातकही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तसे दिसणारे ठिपके बरेच आहेत. मुख्य चीनमधल्या मजकुरात बहुधा दशमान क्रमांक १८३चा ठिपका असतो. तैवानच्या जुन्या बिग-फाइव्ह संकेतनातून आलेल्या मजकुरात ८२३१ सापडतो. जपानी कीबोर्डवरून १२५३९ येतो आणि त्याचं अर्ध्या रुंदीचं रूप ६५३८१. यादीचा गोळा ८२२६ आणि गणिती ठिपका ८९०१ हेही सर्रास वापरलेले दिसतात.

युनिकोडचं नेहमीचं एकसारखीकरण हे सगळं जुळवून देत नाही. ‘एनएफकेसी’ पद्धत ६५३८१चं १२५३९ करते, पण यादीचा गोळा तसाच सोडते. म्हणून स्वतःचा तक्ता करून सगळे ठिपके १८३ वर आणावेत. बदल नेहमी एका अक्षराला एक अक्षर असाच असावा. लांबी बदलली की टॅगच्या जागा सरकतात, आणि ही चूक कुठलाही संदेश न देता घडते. नावातल्या ठिपक्याच्या आजूबाजूला भटकी मोकळी जागा आली असेल तर ती टॅगिंगपूर्वीच काढून टाका, नंतर नाही.

ठिपका दिसला म्हणजे परकं नाव, असा नियम मात्र करू नका. तोच ठिपका घटनांच्या तारखांत महिना आणि दिवस यांच्यामध्ये येतो, ग्रंथनाम आणि प्रकरण यांच्यामध्ये येतो, आणि उइगुरांसारख्या चीनमधल्याच समाजांच्या नावांतही येतो. उलट बातमीत दुसऱ्यांदा उल्लेख होताना नुसतं आडनाव येतं, तेव्हा ठिपका नसतोच.

यादी कुठून आणायची, आणि तिच्यावर किती विसंबायचं

विकिडेटा या विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यातून ‘माणूस’ या वर्गातल्या नोंदींची चिनी लेबलं उतरवून घेता येतात. सरळ चिनी (मुख्य चीनमधल्या सोप्या केलेल्या अक्षरांतली), तैवानची आणि हाँगकाँगची लेबलं तिथे वेगळी ठेवलेली असतात, आणि ती तिन्ही घ्यावीत. ट्रम्प मुख्य चीनमध्ये ‘त-लांग-पू’, तैवानमध्ये ‘चुआन-पू’. ओबामा एकीकडे ‘आओ-बा-मा’, दुसरीकडे ‘ओउ-बा-मा’. बुश यांच्या नावाचं दुसरं अक्षर मुख्य चीन, तैवान आणि हाँगकाँग इथे तीन वेगवेगळी आहेत. पारंपरिक अक्षरांचं सरळ अक्षरांत रूपांतर करणारं ओपनसीसी हे साधन अक्षराचं रूप बदलतं, पण अक्षर-रूपांतराच्या नेहमीच्या मांडणीत ‘चुआन-पू’चं ‘त-लांग-पू’ करत नाही. म्हणून एकाच प्रदेशाच्या मजकुरावर शिकलेलं मॉडेल दुसरीकडे अडखळतं.

टॅग केलेला मजकूर मोफत मिळतो. २००६च्या सिगहान या चिनी भाषेवरच्या संगणकीय स्पर्धेतला एमएसआरए संग्रह व्यक्ती, स्थळ आणि संस्था अशा तीन वर्गांचा आहे. पण त्यात चिनी व्यक्ती आणि परकी व्यक्ती असा भेद नाही. तो आपल्यालाच करावा लागतो. व्यक्तीचा टॅग असलेले सगळे तुकडे बाहेर काढा. पहिलं अक्षर नेहमीच्या चिनी आडनावांपैकी असेल आणि एकूण लांबी दोन-तीन अक्षरं असेल, तर तात्पुरतं ‘चिनी’ म्हणा. चारपेक्षा जास्त अक्षरं किंवा मध्ये ठिपका असेल, तर ‘परकं’. उरलेले हाताने तपासा. ‘मा’, ‘लुओ’, ‘आन’ ही अक्षरं दोन्हीकडे चालतात, त्यामुळे संशयित याच अक्षरांच्या आसपास सापडतील.

पीपल्स डेली या चिनी वर्तमानपत्राचा जानेवारी १९९८चा टॅग केलेला संग्रहही अनेक जण वापरतात. संग्रह चांगला आहे, पण तो क्लिंटन आणि येल्त्सिन यांच्या काळातला. नुसत्या त्याच्यावर शिकवलेल्या मॉडेलला त्या काळची नावं पाठ होतात. आपल्याला ज्या प्रकारच्या मजकुरावर काम करायचंय, त्यातली दोन-तीन हजार वाक्यं स्वतः टॅग करणं टाळू नका. त्यातली निदान ३०० वाक्यं दोन जणांनी स्वतंत्रपणे टॅग करावीत आणि जुळणी पाहावी. मतभेद एकाच प्रकारचे निघाले तर नियमावली अपुरी आहे, माणसं नव्हेत.

पहिलं मॉडेल: नुसत्या मोजणीचं

मोठ्या मॉडेलकडे जाण्याआधी एक साधं गुणांकन बांधा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि पुढे चुका समजून घ्यायला ते फार उपयोगी पडतं.

लिप्यंतरासाठी वापरली जाणारी अक्षरं मुळात थोडी आहेत. हजारो अक्षरांपैकी काहीशेच पुन्हा पुन्हा येतात. कारण शिनह्वा वृत्तसंस्थेसारख्या संस्थांनी कुठल्या ध्वनीला कुठलं अक्षर घ्यायचं, याचे तक्ते ठरवून दिलेले आहेत. तेव्हा प्रत्येक अक्षरासाठी दोन प्रमाणं काढा: नावांच्या यादीत ते किती वेळा येतं आणि साध्या मजकुरात किती वेळा. पहिल्याला दुसऱ्याने भागून लॉगॅरिदम घ्या. समजा, एखादं अक्षर नावांतल्या दर हजार अक्षरांत ४० वेळा आणि साध्या मजकुरात दर हजारात एकदा आलं, तर भागाकार ४० आणि नैसर्गिक लॉग सुमारे ३.७. शून्य येऊ नये म्हणून प्रत्येक मोजणीत १ मिळवा.

निकाल पाहिले की चित्र स्पष्ट होतं. ‘स’, ‘अर’ किंवा ‘मू’ या ध्वनींसाठी ठरलेली अक्षरं साध्या लिखाणात कमी दिसतात, म्हणून त्यांना भरघोस गुण मिळतात. ट्रम्प यांच्या नावातली ‘त’ आणि ‘पू’ ही अक्षरं मात्र ‘विशेष’ आणि ‘सामान्य’ अशा अर्थांच्या रोजच्या शब्दांत सतत येतात, त्यामुळे त्यांचे गुण कमी. असं नाव नुसत्या अक्षरांवरून निसटतं. तिथे संदर्भच लागतो.

आता वाक्यभर अक्षरांचे गुण मांडा आणि ज्या सलग तुकड्याची बेरीज सर्वांत जास्त भरते तो उचला. बेरीज किती झाली की नाव मानायचं, ती पातळी बाजूला ठेवलेल्या डेटावर ठरवा. जमलं तर जागेनुसार वेगळे गुण द्या: सुरुवातीचं, मधलं, शेवटचं अक्षर. रशियन आडनावांतल्या ‘ओव्ह’साठीचं ‘फू’ बहुधा शेवटी येतं, आणि स्त्रियांच्या ‘ओवा’साठी ‘वा’, जसं शारापोव्हा म्हणजे ‘शा-ला-बो-वा’.

हे मॉडेल कुठे घसरतं ते आधीच सांगता येतं. गोल्फ म्हणजे ‘गाओ-अर-फू’, मॅरेथॉन म्हणजे ‘मा-ला-सोंग’, सोफा म्हणजे ‘शा-फा’. हे सगळे ध्वनीने आलेले साधे शब्द, आणि ‘गाओ-अर-फू’ तर हुबेहूब रशियन आडनावासारखा दिसतो. अशा शंभर-दोनशे शब्दांची वाक्यं सापळा म्हणून आत्ताच गोळा करून ठेवा.

सीमा चुकते कशी: एक वाक्यांश जवळून

‘क-लिन-दुन-श-छी’ ही पाच अक्षरं घ्या. अर्थ: क्लिंटन यांचा कालखंड. पहिली तीन अक्षरं नाव, शेवटची दोन, ‘श-छी’, म्हणजे कालखंड. पण तिसरं आणि चौथं अक्षर एकत्र वाचलं तर ‘दुन-श’ हा चांगला रूढ शब्द होतो: ‘तत्क्षणी’. आधी शब्द तोडणारं साधन चालवलं आणि त्याच्या कोशात क्लिंटन नसेल, तर ते ‘क-लिन’, ‘दुन-श’, ‘छी’ असे तुकडे पाडतं. मग पुढचं मॉडेल कितीही हुशार असलं तरी तीन अक्षरांचं नाव त्याच्या हाती लागूच शकत नाही, कारण नावाची कड शब्दाच्या पोटात गेलेली असते. ‘आओ-बा-मा-शांग-ताय’ म्हणजे ‘ओबामा सत्तेवर आले’ इथेही तसंच होतं. मधले ‘मा-शांग’ मिळून ‘लगेच’.

म्हणून शब्द आधी तोडायचे नाहीत; अक्षरागणिक टॅग द्यायचे. पाच टॅग पुरतात: आरंभ, मध्य, शेवट, एकाकी आणि बाहेर. वरच्या पाच अक्षरांना क्रमाने आरंभ, मध्य, शेवट, बाहेर, बाहेर असे टॅग मिळतील. नुसते आरंभ-मध्य-बाहेर हे तीनही चालतात, पण ‘शेवट’ वेगळा असला की उजवी कड मॉडेल जास्त नीट शिकतं, आणि चिनीत खरी अडचण याच कडेला असते. शब्दकोशाचं ज्ञान वाया घालवायचं नसेल तर ते सूचना म्हणून द्या: ‘या अक्षरापाशी कोशातला अमुक शब्द संपतो’ असं वैशिष्ट्य मॉडेलला दिसू दे, निर्णय मॉडेलचा.

डेटा वाटताना वाक्यं नव्हे, नावं वाटा

सगळ्यात मोठी फसवणूक इथे होते. वाक्यं शिकवणी, पडताळणी आणि चाचणी यांत यदृच्छेने ८०-१०-१० टक्के वाटली की एकच नाव तिन्हीकडे जातं, आणि चाचणी पाठांतराची होते. त्याऐवजी आधी नावांची यादी वाटा. चाचणीसाठी राखलेलं नाव ज्या वाक्यात आहे, ते वाक्य शिकवणीतून काढा. आडनावापुरता उल्लेख आणि तैवानी लेखन हीही त्याच नावाची रूपं माना, नाहीतर गळती चालूच राहते.

चाचणीचे तीन वेगळे गठ्ठे ठेवा: शिकवणीत आलेली नावं, कधीच न आलेली नावं, आणि एकही नाव नसलेली सापळ्याची वाक्यं. तिन्हींचे आकडे वेगळे मांडा, सरासरी काढू नका.

मुख्य मॉडेल आणि त्याची मापं

डेटा कमी असेल आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर सीआरएफ हे जुनं, शेजारचे टॅग एकत्र पाहून संपूर्ण ओळीला टॅग देणारं तंत्र अजूनही उत्तम चालतं. प्रत्येक अक्षरासाठी मागची-पुढची दोन-दोन अक्षरं, शेजारच्या अक्षरांच्या जोड्या, वर काढलेले गुण, आणि सुरांच्या खुणांशिवायचा पिनयिन (चिनी उच्चार लॅटिन लिपीत लिहिण्याची पद्धत) उच्चार ही वैशिष्ट्यं पुरतात. उच्चारासाठी पायपिनयिन ही पायथनची लायब्ररी आहे. उच्चाराचा फायदा असा की नेहमीपेक्षा वेगळं अक्षर वापरून लिहिलेलं नावही ध्वनीवरून पकडीत येतं.

साधनं असतील तर चिनी बर्टपासून, म्हणजे भरपूर मजकुरावर आधीच शिकवलेल्या भाषेच्या मॉडेलपासून, सुरुवात करा. गूगलने २०१८मध्ये दिलेल्या मूळ चिनी मॉडेलमध्ये १२ थर आणि २१,१२८ टोकनांचा (मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडतं त्यांचा) शब्दसंग्रह आहे, आणि ते चिनी मजकूर अक्षराअक्षरानेच तोडतं. म्हणजे आपल्या टॅगशी थेट जुळतं. संपूर्ण शब्द झाकून शिकवलेल्या नंतरच्या आवृत्त्या सहसा थोड्या सरस ठरतात.

सुरुवातीची मापं: लर्निंग रेट (दर पावलाला मॉडेल किती बदलायचं तो दर) ०.००००२ ते ०.००००५, बॅच (एका पावलातली उदाहरणं) ३२, सगळ्या डेटावरून तीन ते पाच फेऱ्या, पहिल्या १० टक्के पावलांत दर हळूहळू चढवायचा. वर सीआरएफचा थर लावला तर त्याला वेगळा, मोठा दर द्या, साधारण ०.००१. एकच दर दिला तर सीआरएफ जवळजवळ शिकतच नाही आणि ‘आरंभा’नंतर थेट ‘बाहेर’ असे अशक्य क्रम निघत राहतात. मॉडेलची मर्यादा ५१२ टोकनांची, त्यातली दोन खुणांसाठी जातात. लांब मजकूर चिनी पूर्णविरामावर तोडा, नावाच्या मध्ये कधीच नाही. डेटा लहान असला की यदृच्छ सुरुवातीमुळे निकाल हलतात, म्हणून तीन वेगळ्या सुरुवाती करूनच तुलना करा.

लॅटिन अक्षरं आणि आकडे आले की घोळ होतो. बर्ट त्यांचे मनाप्रमाणे तुकडे पाडतं, टोकनांची संख्या अक्षरांच्या संख्येपेक्षा वेगळी होते, आणि तिथून पुढचे सगळे टॅग एक-दोन घरं सरकतात. काही नावांत लॅटिन आद्याक्षर, ठिपका आणि मग चिनी आडनाव असतं, त्यामुळे हे टळत नाही. टोकनायझरने (टोकनं पाडणाऱ्या भागाने) दिलेला जागांचा तक्ता वापरा आणि शिकवणीपूर्वी पन्नास उदाहरणं टोकनांवरून परत अक्षरांत बदलून डोळ्यांनी वाचा.

पाठांतर मोडण्याचे उपाय

पहिला: नावांची अदलाबदल. वाक्य तेच ठेवून त्यातलं नाव काढा आणि यादीतलं दुसरं घाला. पण एका लेखात पूर्ण नाव बदललं तर पुढचे आडनावाचे उल्लेखही त्याच वेळी बदलले पाहिजेत. स्त्रीच्या जागी स्त्रीचंच नाव घाला, कारण चिनी लिखाणात ‘तो’ आणि ‘ती’ यांची अक्षरं वेगळी आहेत, आणि ‘ना’, ‘ली’, ‘या’ अशा ध्वनींसाठी स्त्री-पुरुषांना वेगळी अक्षरं देण्याची रीत आहे. या रीतीला जुनी रूढ नावं अपवाद असतात: शेक्सपियर ‘शा-श-बी-या’, आणि त्यातला ‘शा’ स्त्रियांच्या नावांत शोभणारा.

दुसरा: शिकवणीतल्या साधारण ३० टक्के पूर्ण नावांतला ठिपका काढून टाका. नाहीतर मॉडेल ठिपक्यावर रेलून बसतं आणि ठिपका नसलेलं नाव सोडून देतं. तिसरा: उगमांचा समतोल. यादीत इंग्रजी नावांचा भरणा असतो. अरबी, रशियन, भारतीय, आफ्रिकी नावं मुद्दाम जास्त प्रमाणात घ्या. टागोर ‘ताय-ग-अर’, गांधी ‘गान-दी’. गांधींच्या नावाचं पहिलं अक्षर चिनी आडनाव आहे आणि दुसरं ‘जमीन’ या अर्थाचं अतिशय वापरातलं अक्षर. असली छोटी नावं फक्त संदर्भातून कळतात, म्हणून त्यांची उदाहरणं भरपूर हवीत.

चुका वाचणं

गुण संपूर्ण नावावर मोजा. ‘क-लिन-दुन’ऐवजी ‘क-लिन’ सापडलं तर अर्धे गुण नाहीत. एक नाव चुकलं आणि एक खोटं नाव जास्तीचं आलं. अक्षरागणिक मोजणी करू नका, कारण बहुतेक अक्षरं ‘बाहेर’ असल्यामुळे ती नेहमीच फुगलेली दिसते.

चुकांचे दोनशे नमुने घेऊन डाव्या कडेच्या, उजव्या कडेच्या, प्रकाराच्या आणि पूर्ण निसटलेल्या असे गट पाडा. उजवी कड जास्त चुकत असेल तर नावानंतर लगेच येणारी पदनामं आणि काळदर्शक शब्द शिकवणीत वाढवा. चिनीत ‘राष्ट्राध्यक्ष’, ‘प्राध्यापक’ हे शब्द नावाच्या आधीही येतात आणि नंतरही. दोन्ही रचना हव्यात. प्रकार चुकत असेल तर बघा, ती ‘हुआ-शंग-दुन’सारखी नावं आहेत का. वॉशिंग्टन माणूस, शहर आणि अमेरिकी सरकार या तिन्हींसाठी तीच तीन अक्षरं वापरतात. सरकारच्या अर्थाने आलं तर टॅग कुठला, हे नियमावलीत लिहिलेलं नसेल तर चूक मॉडेलची नाही.

निसटलेल्या नावांपैकी बरीचशी लेखाच्या पातळीवर परत मिळवता येतात. लेखात आधी ठिपक्यासह पूर्ण नाव खात्रीने सापडलं असेल, तर त्यातलं आडनाव त्याच लेखात पुन्हा शोधा आणि जुळलेल्या जागी टॅग द्या. आडनाव दोनच अक्षरांचं असेल तर मॉडेलने त्या जागी दिलेली शक्यता ठराविक पातळीपेक्षा वर असेल तेव्हाच द्या, नाहीतर साधे शब्द नावं म्हणून गोळा होतात.

मूळ नावापर्यंत परत जायचं असेल तर

सापडलेलं नाव मूळ लिपीत नेणं हे वेगळं काम आहे आणि त्यात माहिती हरवलेली असते. चिनी अक्षरं जोडव्यंजन सहन करत नाहीत, म्हणून ‘क्लिं’चं ‘क-लिन’ होतं. ‘र’ आणि ‘ल’ बहुधा एकाच अक्षरावर येतात. त्यामुळे सरळ उलटं लिप्यंतर करून एकच उत्तर मागू नये. उच्चारावरून आधी विकिडेटातल्या नोंदींपैकी दहा-वीस जवळचे उमेदवार काढा, आणि मग लेखातला देश, पद आणि वर्ष यांवरून क्रम लावा. उमेदवारांची पिनयिनमधली अंतरं मोजताना ‘ल’ आणि ‘न’, ‘फ’ आणि ‘ह’ अशा दक्षिण चीनमध्ये मिसळणाऱ्या जोड्यांना कमी दंड ठेवा. हाँगकाँगचा मजकूर असेल तर मात्र पिनयिन सोडून कँटनीज उच्चाराचा तक्ता घ्या, कारण तिथली लिप्यंतरं कँटनीज उच्चार धरून केलेली असतात.